घरबसल्या पृथ्वीला तीन प्रदक्षिणा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या प्रत्येकाने जयविलास महालातल्या हत्तींची गोष्ट ऐकलेली असते. 1874 साली महाल उभा राहिला. दरबार हॉलच्या छताला दोन झुंबरं टांगायची होती, एकेकाचं वजन साधारण साडेतीन टन. हा भार छत पेलेल का? तेव्हा म्हणे हत्ती आणून खात्री करून घेतली. हत्ती आठ होते की दहा, छतावर चालवले की छताला टांगले, हे प्रत्येक गाइड आपापल्या परीने सांगतो. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, तिच्यामागचं डोकं मात्र अस्सल इंजिनियरचं आहे. पुढे जन्मभर जो भार पडणार, त्याहून मोठा भार आधीच टाकून बघायचा.

महालापासून जयेंद्रगंज काही लांब नाही. तिथल्या एखाद्या दुकानात कपडे धुण्याची दोन यंत्रं शेजारीशेजारी ठेवलेली आहेत असं समजा. एक तीस हजारांचं, दुसरं लाखाच्या वरचं. दोन्ही पांढरी, चौकोनी, दोघांच्या पोटावर काचेचा गोल दरवाजा. कपडेही दोन्हींतून जवळपास सारखेच स्वच्छ निघतात. मग वरचे सत्तर हजार कशाचे? मला वाटतं, त्यांतले बरेचसे हत्तींचे.

जर्मनीतल्या ग्युटर्सलो गावची मीले ही कंपनी. 1899 साली सुरू झाली तेव्हा ती दुधातली साय वेगळी काढायची यंत्रं बनवत होती, मग लोणी घुसळायची. घुसळायच्या त्या पिंपातूनच पुढे कपडे धुण्याचं पिंप निघालं. ही कंपनी आपली यंत्रं वीस वर्षांच्या वापराइतकी चालवून तपासते. आठवड्याला पाच धुणी, प्रत्येक सुमारे दोन तासांचं, म्हणजे एकूण दहा हजार तास. अमेरिकेतल्या स्पीड क्वीनचा आकडा 10,400 धुण्यांचा आहे. आठवड्याला आठ धरली तर पंचवीस वर्षं भरतात. दोन्ही आकड्यांत एक गोष्ट समान आहे. यंत्राचं आयुष्य आधी धुण्यांत किंवा तासांत मोजलेलं असतं, वर्षं त्यातून मागाहून काढलेली असतात.

हे दहा हजार तास म्हणजे नेमकं काय, याचा जरा हिशेब मांडू. तासभर कपडे घोळवताना ड्रम मिनिटाला पन्नासेक फेरे घेतो, म्हणजे तीन हजार. शेवटी दहा मिनिटं 1,200 च्या वेगाने पिळतो, म्हणजे आणखी बारा हजार. एका धुण्यात पंधरा हजार फेरे झाले. ड्रमचा घेर साधारण दीड मीटर धरला, तर ड्रमच्या कडेवरचा एक ठिपका एका धुण्यात साडेबावीस किलोमीटर जातो. ग्वाल्हेरहून आग्रा सुमारे 120 किलोमीटर. सहा धुण्यांत तो ठिपका आग्रा ओलांडून पुढे गेलेला असतो. वीस वर्षांत 5,200 धुणी धरली, तर अंतर भरतं 1,17,000 किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांचा. बाथरूमच्या कोपऱ्यातून न हलता जवळजवळ तीन प्रदक्षिणा झाल्या!

आणि हा प्रवास रिकाम्या हाताने नाही. ड्रम मिनिटाला 1,400 फेऱ्यांनी फिरतो तेव्हा कडेला चिकटलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचशे पट जोर असतो. किलोभर ओली चादर तेवढा वेळ अर्ध्या टनाच्या जोराने बाहेर ढकलत असते. सगळे कपडे चारी बाजूंना सारखे पसरले असतील तर हे जोर एकमेकांना छेदून जातात. पण एका बाजूला तीनशे ग्रॅम, म्हणजे एक ओला टॉवेल, जास्त झाला की आसावर दीडशे किलोंहून मोठा झटका बसतो, तोही सेकंदाला तेवीस वेळा आणि दर वेळी नव्या दिशेने. म्हणून तर या यंत्रात सिमेंटचे किंवा बिडाचे जड ठोकळे बसवलेले असतात आणि ते जिन्यावरून चढवताना हमालांचा घाम निघतो. पिळण्याआधी यंत्र थोडा वेळ रेंगाळल्यासारखं वाटतं, कपडे पुन्हा पुन्हा झुलवतं, थांबतं. ते बिघडलेलं नसतं. ड्रमच्या प्रत्येक फेऱ्यात मोटारीला किती कमीजास्त जोर लावावा लागतो, यावरून ते आतला तोल चाचपत असतं. तोल जमला नाही तर पिळायला नकारही देतं.

एवढा सगळा मार सोसतो कोण? मोटार नव्हे. हल्लीच्या बिनब्रशच्या मोटारीत घासून झिजणारं फारसं काही उरलेलंच नाही. दुकानात 'मोटारीवर दहा वर्षं वॉरंटी' असा मोठा स्टिकर दिसतो. जो भाग सहसा मरतच नाही त्याचा विमा काढून दिल्यासारखं आहे ते. खरा मार बसतो ड्रमच्या मागे, आसावर बसवलेल्या दोन बेअरिंगांवर. बेअरिंग पोलादाचं, त्यात ग्रीस. चांगल्या पोलादाला हा भार पेलणं अवघड नाही. त्याचा शत्रू पाणी. एका बाजूला साबणाचं गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं राहायला हवं असं बेअरिंग, या दोघांमध्ये असते एक रबरी कडी. तिला सील म्हणतात.

या सीलबद्दल मला खरोखर अचंबा वाटतो. आसाला तिची एक पातळ ओठासारखी कड टेकलेली असते. जास्त घट्ट टेकली तर घासून जळेल, सैल टेकली तर पाणी आत जाईल. मधल्या एका बारीक फटीत ग्रीसचा केसाहून पातळ थर असतो आणि त्या थरावर ती कड तरंगत राहते. पंधरा हजार फेरे आज, पंधरा हजार उद्या. अख्ख्या यंत्रात तिच्याइतकी स्वस्त वस्तू शोधावी लागेल. तिची कड कडक झाली, तिच्याखाली क्षाराचा एक कण अडकला, की थेंबाथेंबाने पाणी झिरपतं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग गंजतं. मग पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर सुरू होते आणि मेकॅनिक दारातूनच सांगतो, "साहब, बेरिंग बोल रही है." त्याला झाकण उघडावं लागत नाही.

घरच्या घरी तपासणी करायची असेल तर यंत्र बंद असताना ड्रम हाताने फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग संपत आलंय. ड्रमची वरची कड आतून धरून वर-खाली हलवा. फक्त ड्रम खटखट हलला तर काम पुढे गेलेलं आहे. ड्रमसोबत बाहेरची टाकीही झुलली तर काळजी नको, ती स्प्रिंगांवर लटकलेलीच असते.

आता महाग आणि स्वस्त यांतला फरक इथे दिसतो. पुष्कळ यंत्रांत बाहेरची टाकी प्लास्टिकचे दोन अर्धे भाग वितळवून कायमचे जोडून केलेली असते. आतलं बेअरिंग काढायला वाटच नाही. काहीशे रुपयांच्या वस्तूसाठी अख्खी 'टब असेंब्ली' बदलावी लागते. तिची किंमत ऐकून लोक नवं यंत्र घेतात. टाकी स्क्रूने जोडलेली असेल, तर तेच यंत्र एका दुपारच्या कामाने पुन्हा उभं राहतं. वीस स्क्रू की एक सांधा, एवढ्यावर यंत्राचं आयुष्य दहा वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतं. आणि ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत छापलेली नसते.

ड्रमच्या पाठीला तीन हातांचा एक सांगाडा असतो, मेकॅनिक त्याला स्पायडर म्हणतात. ड्रम स्टेनलेस स्टीलचा, स्पायडर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियम हवेत टिकतो तो स्वतःच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा पांघरून. डिटर्जंटचं पाणी अल्कधर्मी, आणि नेमका तोच पापुद्रा अल्कधर्मी पाण्यात विरघळतो. त्यात दोन वेगळे धातू ओल्या अवस्थेत एकमेकांना भिडले की तिथे विजेचा सेल तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. दर वेळी गार पाण्यात धुतलं, साबण अंमळ जास्तच टाकला, की मागच्या बाजूला चिकट राखाडी थर साचतो आणि ही झीज चालू राहते. साबण जास्त घातल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. यंत्र मात्र लवकर म्हातारं होतं. महिन्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात रिकामी फेरी काढली की तो थर सुटतो.

पाण्याकडे वळू. लष्करला नळाने येणारं पाणी सांक नदीवरच्या तिघरा धरणाचं, म्हणजे मुख्यतः पावसाचं. नळाला पाणी पुरलं नाही की बोअरिंगचं चालू होतं. ते आलेलं असतं खडकांतून. ग्वाल्हेरच्या खाली जे प्राचीन थर आहेत त्यांतल्या एकाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या मुरार उपनगराचंच नाव दिलंय आणि त्यात चुनखडकही आहे. जमिनीखालचं पाणी असे खडक चाटत येतं आणि जड होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला 200 मिलिग्रॅम काठिण्य योग्य, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतं. मधला 300 चा आकडा धरू. एका धुण्याला पन्नास लिटर पाणी, म्हणजे पंधरा ग्रॅम क्षार. वर्षाला अडीचशे धुणी केली तर पावणेचार किलो! सगळा काही आत बसत नाही, बहुतेक वाहून जातो. पण पाणी तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि हीटरच्या नळीवर दगड धरतो. दगडाच्या आवरणाखाली हीटर स्वतःच तापून जळतो. त्याच क्षाराचे कण सीलच्या ओठाखाली जातात. अधूनमधून सायट्रिक अ‍ॅसिड घालून रिकामी फेरी काढली की दगड पुन्हा विरघळतो, शाळेतल्या प्रयोगासारखा.

पण ग्वाल्हेरची खरी परीक्षा मे महिन्यात असते. यंत्र गच्चीवर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत, बाहेर पारा 45 अंशांवर, लू चालू. आत एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे आणि त्यावर कॅपॅसिटर नावाचे बारके डबे; त्यांच्या पोटात द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू आटतो. इंजिनियरांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं तर कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. 105 अंशांना दोन हजार तास टिकणारा कॅपॅसिटर घ्या. 65 अंशांवर तो 32 हजार तास टिकेल, 55 वर 64 हजार, 45 वर सव्वा लाखाच्या वर. सतत वीज चालू ठेवली तर हे झालं अनुक्रमे साडेतीन, सात आणि साडेचौदा वर्षं. वीज चालू असताना बोर्ड स्वतःही तापतो, म्हणजे बाहेरच्या 45 वर आतले अंश चढतातच. आणि कपडे धुण्याचं काम वर्षाला किती? अडीचशे धुणी, दीड तासाची, म्हणजे चारशे तासही नाहीत. वर्षात तास असतात 8,760. उरलेले आठ हजारांहून जास्त तास बोर्ड नुसता जागा राहून म्हातारा होत असतो, कारण भिंतीवरचं बटण कुणी बंद केलेलं नसतं. व्होल्टेजचे झटके खातो तो वेगळाच.

यंत्रं मरतात कधी, याचाही एक ठरावीक आलेख आहे. न्हाणीच्या टबाच्या काटछेदासारखा तो दिसतो. सुरुवातीला बिघाड पुष्कळ, कारण कुठेतरी जोडणी चुकलेली किंवा माल वाईट निघालेला. मग बरीच वर्षं सपाट. शेवटी झीज साचून पुन्हा चढ. हा नियम मशीनपुरता नाही. तिघरा धरण 1916 च्या सुमाराला बांधून झालं आणि 1917 मध्ये फुटलं. पायाच्या वालुकाश्मातून पाणी झिरपलं होतं. मोठी प्राणहानी झाली. पुन्हा बांधलेलं धरण आजही शहराला पाणी देतंय. कारखान्यात यंत्र आधी चालवून बघण्याचा हेतू हाच, की आलेखाचं पहिलं टोक ग्राहकाच्या घरी येऊ नये.

तरी महागडी यंत्रं वापरणाऱ्यांच्या देशातही आयुष्य घटत चाललंय. जर्मनीतल्या सरकारी पर्यावरण संस्थेने करवून घेतलेल्या एका अभ्यासात मोठ्या घरगुती उपकरणांचं सरासरी आयुष्य 2004 ते 2012 या काळात 14.1 वर्षांवरून 13 वर आलेलं दिसलं. पाच वर्षांच्या आत बिघडून बदलाव्या लागलेल्या उपकरणांचं प्रमाण 3.5 टक्क्यांवरून 8.3 वर गेलं. युरोपने मग 2021 पासून नियम केला, की धुण्याच्या यंत्राचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे 2022 च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं सरकारी पोर्टल निघालं, सक्ती अजून नाही. आणि कंपनीच उरली नाही तर? तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता; मराठी घरांत धुण्याचं यंत्र शिरलं ते पुष्कळदा याच नावाने. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी धडधाकट यंत्रही एखाद्या पंपासाठी किंवा बोर्डासाठी अडून बसतं.

मग लाखाचं घ्यावं का? धुणी मोजा. एकत्र कुटुंब असेल आणि दिवसाला दोन धुणी निघत असतील, तर पाच हजारांचा आकडा सात वर्षांत गाठला जातो. तिथे हत्तींचे पैसे देणं परवडतं. नवरा-बायको दोघंच, आठवड्याला चार धुणी, तर तोच आकडा गाठायला चोवीस वर्षं लागतात आणि तोवर रबर आणि बोर्ड आपल्या वयाने जातील. त्यांनी मधल्या किमतीचं घ्यावं. दोघांनीही दुकानदाराला रंग आणि प्रोग्रॅम विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: बेअरिंग वेगळं बदलता येतं का, आणि या मॉडेलचे सुटे भाग ग्वाल्हेरमध्ये किती वर्षं मिळतील. यंत्र सावलीत ठेवा, आणि धुणं झालं की भिंतीवरचं बटण बंद करा.