आधी प्रतिकृती, मग निर्मिती

कागदावरील आराखड्यात वस्तू एकेका बाजूनेच दिसते; सर्व बाजूंचा मेळ मनातच घालावा लागतो. मोठ्या यंत्राच्या बाबतीत हा मेळ चुकला, तर तयार झालेले भाग परस्परांत बसत नाहीत आणि श्रम व पैसा वाया जातो. संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृतीमुळे अशी चूक वेळीच ध्यानात येते.

अमेरिकेतील बोईंग कंपनीचे '७७७' हे संपूर्णपणे संगणकावर आरेखित झालेले पहिले प्रवासी जेट विमान होय. त्याचे भाग आधी पडद्यावर जोडून पाहण्यात आले. कोणता भाग कोठे अडतो, हे धातू कापण्यापूर्वीच कळू लागले. १२ जून १९९४ रोजी या विमानाने पहिले उड्डाण केले.

तथापि, प्रतिकृती सर्वांची एकच हवी. युरोपातील एअरबस 'ए-३८०' विमानासाठी जर्मनी व फ्रान्समधील अभियंते एकाच संगणक-प्रणालीच्या भिन्न आवृत्त्या वापरीत होते. परिणामी विजेच्या तारांचे जुडगे विमानात नीट बसेनात. २००६ साली विमाने सुपूर्द करण्याचे वेळापत्रक त्यामुळे लांबणीवर पडले.

वैद्यकातही हेच तत्त्व उपयोगी पडते. लंडनमध्ये १९७१ साली रुग्णावर प्रथम वापरलेल्या सी.टी. स्कॅनमुळे शरीरांतर्गत भागांचे छेद पाहता येऊ लागले. असे छेद एकावर एक रचले की, जबड्याची वा कवटीची प्रतिकृती पडद्यावर उभी राहते. हाड कोठे कापावे, हे शल्यविशारदास शस्त्रक्रियेपूर्वीच ठरविता येते. मात्र मूळ मोजमाप चुकले असेल, तर सुबक प्रतिकृतीही चुकीचीच वाट दाखवील.