निळ्या दिव्याची मात्रा

बाळ तिसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागतं, रक्ताचा रिपोर्ट येतो आणि डॉक्टर सांगतात, ‘लाइटखाली ठेवावं लागेल.’ अंगावर फक्त डायपर, डोळ्यांवर पट्टी आणि वरून निळा उजेड. बाहेर बसलेल्या आजीला प्रश्न पडतो, की औषध नाही, इंजेक्शन नाही, मग नुसत्या दिव्याने कावीळ कशी उतरणार? प्रश्न अगदी रास्त आहे. तो दिवा हेच औषध आहे, आणि कुठल्याही औषधासारखी त्यालाही मात्रा असते. ती कमी पडली तर बाळ दोन दिवस निळ्या उजेडात राहूनही पिवळंच राहतं.

पूर्ण दिवसांच्या दर 10 बाळांपैकी साधारण 6 बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या 10 पैकी 8 बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. गर्भात तयार झालेल्या तांबड्या पेशी अल्पायुषी असतात. त्या फुटल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते पाण्यात विरघळण्याजोगं करून बाहेर टाकणं हे यकृताचं काम, आणि नवजात बाळाचं यकृत त्या कामाला अजून सरावलेलं नसतं. बहुतेक बाळांत हे आपोआप निवळतं. काहींत मात्र बिलिरुबिन इतकं चढतं की मेंदूत शिरतं, आणि मग बहिरेपण किंवा हातापायांवर ताबा नसणं जन्मभर सोबत राहतं. 1950 च्या दशकापर्यंत यावर खात्रीचा उपाय एकच होता: नाळेच्या शिरेतून बाळाचं रक्त थोडं थोडं काढत दुसऱ्याचं भरत जायचं. तो उपाय स्वतःच जोखमीचा होता.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटल होतं. तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. कोंडलेल्या उबदार खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात नेत. 1956 च्या उन्हाळ्यात राउंडवर आलेल्या डॉक्टरांना त्यांनी काहीशा संकोचानेच एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट झालेलं, पण एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा. तिथे काही औषध फासलं आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. त्या जागेवर चादरीचं टोक आलं होतं, आणि उरलेलं अंग उन्हाने उजळलं असावं, असं सिस्टरनी सुचवलं. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

पुढे रक्ताच्या एका नमुन्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. काविळीच्या बाळाचं रक्त प्रयोगशाळेत उन्हात राहून गेलं होतं आणि त्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. आता मात्र शोध सुरू झाला. तिथल्याच डॉ. रिचर्ड क्रेमर यांनी पेरीमन आणि रिचर्ड्स यांच्यासोबत पाळण्यावर निळ्या ट्यूबांची कमान उभारली आणि 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. लेखावर सिस्टर वॉर्ड यांचं नाव नाही. मला ते फार खटकतं. बाळाच्या अंगाकडे रोज इतक्या बारकाईने पाहणारी बाई नसती तर त्या नमुन्याचा अर्थ लागायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. अमेरिकेला तर छापील पुरावा समोर असूनही दशक लागलं. व्हरमाँटच्या जेरॉल्ड ल्यूसी यांची नियंत्रित चाचणी 1968 ची.

दिवा नेमकं काय करतो? बिलिरुबिन पिवळं दिसतं, कारण ते निळा प्रकाश शोषतं. साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेत आणि तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचला की त्या रेणूची घडी उलगडते. मूळ रेणू आतल्या आत दुमडलेला असतो, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही. घडी बदलली, की यकृताने त्यावर काही प्रक्रिया न करताही तो पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतो. काही रेणूंची तर रचनाच कायमची बदलते. त्या रूपाला ल्युमिरुबिन म्हणतात. म्हणूनच बिलिरुबिनचा नमुना प्रयोगशाळेत उजेडापासून झाकून न्यायचा असतो. आणि म्हणूनच दिव्याखालच्या बाळाची कावीळ डोळ्यांनी जोखायची नसते: कातडी आधी उजळते, रक्त मागे राहतं.

खरी गोम मात्रेत आहे. जोरदार उपचारासाठी दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे किमान 30 मायक्रोवॉट प्रकाश लागतो. तो मोजायला छोटं मीटर असतं. जुनी ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसते, पण तिच्यातला कामाचा प्रकाश कधीच ओसरलेला असतो. दिवा हातभर वर सरकला, डायपर मोठा पडला, तरी मात्रा घटते. निळ्या एलईडीने हे दुखणं बरंच कमी केलं. तो साकारणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने कॅलिफोर्नियाच्या डी-रेव्ह या संस्थेसोबत ‘ब्रिलियन्स’ हा एलईडी दिवा लहान रुग्णालयांना परवडावा म्हणून आणला. पण उत्तम दिव्याखालीही मीटर फिरवणारा माणूस लागतोच. बाळ लाइटखाली असलेल्या आईवडिलांनी ‘उजेड मोजलाय का?’ असं विचारावं. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

कोवळ्या उन्हात धरण्याचा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो, आणि सिस्टर वॉर्ड यांची गोष्ट ऐकल्यावर तो खराही वाटेल. उन्हात तो निळा प्रकाश असतोच. पण त्याबरोबर कातडी भाजणारे अतिनील किरण आणि उष्णताही असते, आणि पोचलेला प्रकाश पुरेसा होता का, हे कोणालाच कळत नाही. नायजेरियात हेच ऊन खास पडद्यांतून गाळून, बाळांवर सतत लक्ष ठेवून वापरलं, तेव्हा ते दिव्याच्या तोडीचं ठरल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. खिडकीतलं ऊन म्हणजे तो उपचार नव्हे. गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहणं तर त्याहून घातक. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ तासाभराचाही उशीर सोसत नाही.

त्वचेच्या आजारांचे दिवे वेगळे, हे अनेकांना ठाऊक नसतं. बाळाच्या दिव्यात अतिनील किरण नको असतात. सोरायसिस आणि पांढऱ्या कोडावर नेमके तेच लागतात. कोपनहेगनच्या नील्स फिनसेन यांनी कार्बन आर्कच्या प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर इलाज केला आणि 1903 चं नोबेल मिळवलं. आपल्या वैद्यांनी कोडावर बावची फार पूर्वीपासून वापरली. तिच्यातली सोरालेन द्रव्यं त्वचेला उन्हासाठी हळवी करतात. त्याच गुणावर 1970 च्या दशकात सोरालेन आणि अतिनील-ए यांचा जोडउपचार उभा राहिला. आता बहुतेक ठिकाणी 311 नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा दिवा असतो. आठवड्यातून दोन-तीनदा, काही सेकंदांपासून सुरू करून मात्रा हळूहळू वाढवतात. चेहऱ्यावरचं कोड चांगली साथ देतं, बोटांच्या टोकांवरचं हट्टी असतं. महिनोन्‌महिने जावं लागतं, आणि लग्नाच्या घाईतल्या घरांना तो धीर धरवत नाही, हे दुःख डॉक्टरांच्या हातातलं नाही.

नवजात बाळाला दिवा बहुधा काही दिवसच लागतो. क्रिगलर-नज्जर या दुर्मिळ आजाराच्या गंभीर प्रकारात मात्र बिलिरुबिन विरघळण्याजोगं करणारं यकृतातलं विकर जन्मतःच नसतं, आणि मुलाला रोज दहा-बारा तास निळ्या दिव्याखाली झोपावं लागतं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या आमिश आणि मेनोनाइट पंथांच्या कुटुंबांत तो तुलनेने जास्त आढळतो; तिथे मुलांसाठी असे प्रकाशाचे पलंग घरीच असतात. मूल वाढतं तशी त्वचा जाड होते, वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ घटतं आणि तोच दिवा अपुरा पडू लागतो. मग यकृताचं प्रत्यारोपण. 2023 मध्ये युरोपातल्या एका जनुकीय उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जास्त मात्रा मिळालेल्या तीन रुग्णांना दिव्याशिवाय राहता आलं.