फिट येते म्हणून नोकरी का जावी?

आनंदनगर एमआयडीसीतली सकाळची शिफ्ट धरायला अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या वस्त्यांमधून आपली कितीतरी मुले-मुली रोज निघतात. त्यातल्या काहींच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते आणि ती कोणाला दिसू नये याची धास्तीही. त्यांना फिट येते. सुपरवायझरला कळले तर कंत्राटदार गेटवरूनच परत पाठवेल, ही भीती.

आमच्याकडे आलेला एक तरुण असाच. पॅकिंगमध्ये काम, गोळ्या वेळेवर, दोन वर्षे फिट नाही. मग लागोपाठ नाईट लागल्या, झोप मोडली, डोस चुकले आणि कामावरच फिट आली. कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी दातांत चमचा घातला. त्यात दात तुटला. आठवड्याने तोंडी निरोप आला, "उद्यापासून येऊ नको." नाईट नको असे तो आधी म्हणाला असता तर? पण त्यासाठी आजार सांगावा लागला असता.

आपल्या समाजाला हे लपवणे ओळखीचे आहे. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव सांगायचे टाळणारी माणसे आपल्याच घरांत आहेत. आजाराचेही तसेच होते. कलंक समाज लावतो, आणि लपवण्याचे ओझे मात्र माणूस वाहतो.

मिरगी, फेफरे, आकडी, अपस्मार ही एकाच आजाराची नावे. मेंदूतल्या विद्युत संदेशांत अचानक गडबड झाली की फिट येते. ही बाहेरची बाधा नाही, संसर्ग नाही, वेडही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत मिरगीचे वेगळे नाव नाही. म्हणून 40 टक्क्यांचा दाखला मिळवणे अवघड जाते आणि बहुतेक जण तिथेच हात टेकतात. पण कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा रुंद आहे. दीर्घकाळची उणीव आणि समाजातले अडथळे मिळून ज्याचा बरोबरीचा सहभाग अडतो, तो माणूस त्यात येतो. आपली मागणी या व्याख्येवर उभी करायची.

विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हाच मुद्दा स्पष्ट केला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक हवा होता. वाजवी सोय मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. वाजवी सोय म्हणजे मालकावर अवास्तव बोजा न टाकता कामाच्या पद्धतीत करायचा गरजेपुरता बदल. तो मागणे म्हणजे दया मागणे नव्हे.

सरकारी नोकरी, म्हणजे पालिका किंवा रेल्वे असेल, तर संरक्षण जास्त आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. खासगी कंपनीवर इतके थेट बंधन नाही. तरीही प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावे लागते. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार 20 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेकडे भेदभावाची तक्रार गेली, तर प्रमुखाने कारवाई करायची किंवा आपला निर्णय योग्य कसा, हे लेखी कळवायचे. सोयीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. तिथे दाद लागली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते.

मागायचे काय?

पहिले, कायम दिवसपाळी किंवा निदान लागोपाठ नाईट नकोत. दुसरे, उंचीवरचे काम, उघडे फिरते मशीन, फोर्कलिफ्ट यांऐवजी पॅकिंग, तपासणी, स्टोअर असे काम. तिसरे, गोळीची आणि जेवणाची वेळ पाळू देणे. चौथे, फिटनंतर विश्रांती आणि तपासणीच्या दिवशी रजा. काही कामांत धोका खरा असतो, तो नाकारू नका. पण एका मशीनवर धोका आहे म्हणजे अख्ख्या कारखान्यात जागा नाही, असे होत नाही.

मागणी लेखीच करा. कोणते काम चालेल आणि कोणते टाळावे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अर्ज कंत्राटदार आणि कंपनी दोघांना द्या, पोच घ्या. ईएसआय कापला जात असेल आणि हजेरीची अट पूर्ण असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या सुमारे 70 टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी करणारा आदारकर अहवाल 1944 चा, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हाचा. हा हक्क सोडू नका.

शेजारी काम करणाऱ्यांनी एवढेच करायचे: आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कपडे सैल करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा नको. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, लागोपाठ आली किंवा इजा झाली, तर थेट दवाखाना.

आणि आपण?

उपसंपदेच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या पाच आजारांत 'अपमार', म्हणजे हाच आजार आहे. विनयात त्याचे कारण दिले आहे. जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून आजारी माणसे संघात येऊ लागली आणि जीवकावर भार पडला. प्रश्न व्यवस्थेच्या ताकदीचा होता, आजाऱ्याच्या पापाचा नव्हे. त्याच विनयात, कोणी न विचारलेल्या अतिसाराच्या रोगी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतः स्वच्छ केले, हीही गोष्ट आहे. जो आपल्यात आहे त्याला टाकायचे नाही, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्या. प्रथमोपचार करून दाखवा, अर्जाचा नमुना विहारात ठेवा. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनने अपस्मारासाठी स्वमदत गट उभा केला. तसा गट आपल्या विहारातही बसू शकतो. कोणी अर्ज घेऊन गेटवर जाईल तेव्हा त्याच्यासोबत दोन कार्यकर्ते असू द्या. एकट्याला "उद्यापासून येऊ नको" म्हणणे सोपे असते. तिघांना लेखी उत्तर द्यावे लागते.