फ्रेंच पडद्यावरची माणसं (लेखांक ९) : चालत चालत मोठी झालेली जान मोरो

मागच्या लेखांकात ज्याँ गाबाँबद्दल लिहिताना 'तुशे पा ओ ग्रिझ्बी' (१९५४) या गुन्हेगारीपटाचा उल्लेख आला होता. त्यात गाबाँच्या हातची थप्पड खाणारी एक नाचणारी पोरगी आहे. भूमिका दुय्यम, वाट्याला आलेलं कामही बेताचंच. ती पोरगी म्हणजे जान मोरो. पॅरिसच्या रंगभूमीवर तोवर तिचा दबदबा निर्माण झाला होता. सिनेमावाल्यांना मात्र या बाईचं काय करावं ते उमगत नव्हतं. ते कसं उमगलं, हा आजचा विषय.

मोरो २३ जानेवारी १९२८ रोजी पॅरिसमध्ये जन्मली. वडील फ्रेंच, रेस्टॉरंट चालवणारे. आई इंग्रज, 'फॉली बेर्जेर'मध्ये नाचणारी. मुलीनं नटी व्हावं हे वडिलांना पसंत नव्हतं. तिनं ते मनावर घेतलं नाही आणि पॅरिसच्या कोन्सेर्व्हातुआरमध्ये रीतसर शिक्षण घेतलं. १९४७ मध्ये ज्याँ व्हिलारनं आव्हिन्यों शहरात नाट्यमहोत्सव सुरू केला, त्या पहिल्याच वर्षी ती तिथे रंगमंचावर होती. विशीत 'कोमेदी फ्रान्सेझ'सारख्या मातब्बर नाट्यसंस्थेत तिचा प्रवेश झाला. १९५१ च्या सुमारास ती संस्था सोडून ती व्हिलारच्याच कंपनीत गेली.

सिनेमात तिची अडचण झाली ती चेहऱ्यामुळे. ओठांची टोकं खाली झुकलेली, डोळ्यांखाली वर्तुळं, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. 'तू फोटोजेनिक नाहीस,' असं तिला सांगितलं जाई. त्या काळचा फ्रेंच व्यावसायिक सिनेमा स्टुडिओत घडायचा. नायिकेला ठरलेल्या खुणेवर उभं करायचं, मेकअपचे थर चढवायचे, चारी बाजूंनी दिवे लावून सावल्या पुसायच्या आणि मग कॅमेरा चालू करायचा. या पद्धतीत मोरोचा चेहरा गुळगुळीत व्हायचा, आणि त्यातलं जे काही तिचं होतं तेही सावल्यांबरोबर पुसलं जायचं.

पीटर ब्रुकनं पॅरिसमध्ये बसवलेल्या 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मध्ये ती मॅगीचं काम करत होती, तेव्हा लुई माल या तरुण दिग्दर्शकानं तिला पाहिलं. (हाच माल पुढे १९६८ मध्ये भारतात आला आणि इथे केलेल्या चित्रणातून त्यानं सात भागांची माहितीपट-मालिका बनवली. तिचा शेवटचा भाग मुंबईवर आहे.) चोवीस-पंचवीस वर्षांच्या मालला आपला पहिला कथापट करायचा होता : 'आसान्सर पुर लेशाफो', म्हणजे फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट.

कथा साधी आहे. फ्लोरान्स आणि तिचा प्रियकर मिळून तिच्या नवऱ्याच्या खुनाचा बेत रचतात. खून होतो, पण प्रियकर लिफ्टमध्ये अडकतो. ठरल्या जागी तो येत नाही आणि फ्लोरान्स त्याला शोधत रात्रभर पॅरिस पालथं घालते. कथेच्या हिशेबानं या भटकंतीत काहीच घडत नाही. चित्रपट लक्षात राहतो तो याच भटकंतीमुळे.

हे दृश्य चित्रित कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. छायालेखक आंरी दकाए यानं कमी उजेडातही चालणारी, जास्त संवेदनशील फिल्म वापरली. कॅमेरा लहान मुलाच्या ढकलगाडीत ठेवला. शाँझेलिझे रस्त्यावर वेगळे दिवे लावलेच नाहीत. दुकानांच्या काचांतून जेवढा उजेड येत होता तेवढ्यावर भागवलं. मोरोच्या चेहऱ्यावर मेकअप जवळजवळ नव्हताच. ती एका काचेसमोरून दुसरीकडे जाते तसा चेहरा उजळतो, काळवंडतो, पुन्हा उजळतो. फिल्म धुणारे तंत्रज्ञ हे बघून हबकले आणि बाईचा चेहरा बिघडवला जातोय अशी तक्रार घेऊन निर्मात्याकडे गेले, असं मालनं पुढे सांगितलं आहे. डिसेंबर १९५७ मधल्या एका रात्री ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं आपल्या साथीदारांसह पडद्यावर ही दृश्यं बघत बघत संगीत वाजवलं, तेही बरंचसं उत्स्फूर्त. जानेवारी १९५८ मध्ये चित्रपट लागला.

तोवरची नायिका चौकटीत येऊन उभी राहायची आणि आपण तिला न्याहाळायचं. इथे नायिका चालते, ती स्वतः बघते, आणि तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला पावलांवरून ताडावं लागतं. गंमत म्हणजे पटकथेतल्या पोलिसांनाही हे झेपत नाही. अपरात्री एकटी हिंडणारी बाई म्हणून ते तिला संशयावरून पकडतात.

त्याच वर्षी मालच्याच 'ले झामाँ'मध्ये ती संसार सोडून निघून जाणारी श्रीमंत विवाहिता झाली. व्हेनिसमध्ये चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, अमेरिकेत मात्र खटला झाला. तो दाखवल्याबद्दल ओहायोतल्या एका थिएटरच्या व्यवस्थापकाला दंड झाला होता. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. अश्लीलतेची व्याख्या करणं आपल्याला कदाचित जमणार नाही, पण समोर आली की ती ओळखता येते आणि हा चित्रपट तसा नाही, असं न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलं ते याच प्रकरणात.

यानंतर मोठमोठ्या दिग्दर्शकांनी मोरोला बोलावलं आणि गंमत अशी, की बहुतेकांनी तिला चालवलं. आन्तोनियोनीच्या 'ला नोत्ते'मध्ये (१९६१) लेखक नवऱ्याच्या पुस्तक प्रकाशनाच्या समारंभातून ती गुपचूप निसटते आणि मिलानच्या रस्त्यांवरून पार शहराच्या कडेपर्यंत पोचते. वाटेत भिंतीचे पोपडे, मारामारी करणारी तरुण मुलं, माळावर उडणारी रॉकेटं. संवाद अगदी मोजके, पण लग्न संपलंय हे आपल्याला तिच्याही आधी कळतं.

त्रुफोच्या 'ज्यूल ए जिम'मध्ये (१९६२) ती धावते. पुरुषी कपडे, डोक्यावर टोपी, ओठावर काढलेली मिशी अशा वेशात ती दोन मित्रांशी पुलावर शर्यत लावते, आकडे पुरे मोजून व्हायच्या आतच सुटते आणि जिंकते. नियम मोडून जिंकणारी ही कातरीन शेवटी दुसऱ्या एका पुलावरून मोटार थेट पाण्यात घालते. तिचा सगळा स्वभाव या दोन पुलांच्या मधे बसला आहे.

जाक देमीच्या 'ला बे देझांज'ची (१९६३) सुरुवात तर अभ्यासावी अशी. नीस शहरातल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर पांढऱ्या पोशाखातली मोरो चालत येते आहे आणि कॅमेरा सुसाट वेगानं मागे मागे जातो. ही जुगारी बाई कुणाच्या हाती लागणारी नाही, हे मिनिटभरात कळतं.

बुन्युएलनं 'मोलकरणीची रोजनिशी'त (१९६४) हीच गोष्ट उपहासानं वापरली. घरातल्या म्हाताऱ्याला बुटांचं वेड. तो तिला बूट घालायला लावतो आणि खोलीत चालून दाखव म्हणतो. उंच टाचेवर तिचं पाऊल किंचित थरथरतं, याची नोंद बुन्युएलनं पुढे आत्मचरित्रातही केली आहे. चालण्यात डौल असतोच. डौलाच्या आतला तोल जाऊ पाहतो आहे, हे दिसू देणं ही मोरोची कला.

पुढचा प्रवास थोडक्यात. 'मोदेराटो कांताबिले'साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला १९६० मध्येच मिळाला होता. ऑर्सन वेल्सबरोबर तिनं अनेकदा काम केलं. १९७१ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ३४३ स्त्रियांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर तिची सही आहे. 'ल्युमिएर' (१९७६) आणि 'लादोलेसाँत' (१९७९) हे चित्रपट तिनं स्वतः दिग्दर्शित केले. कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचं अध्यक्षपद तिनं १९७५ आणि १९९५ असं दोनदा भूषवलं. सेझार पुरस्कार मिळाला तो १९९२ मध्ये, समुद्रात चालत जाणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेसाठी! २००० मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री ठरली. ३१ जुलै २०१७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, पॅरिसमध्ये तिचं निधन झालं.

मोरो बघायला सुरुवात करायची असेल तर 'आसान्सर'पासून करावी आणि मग 'ला नोत्ते' बघावा. दोन्हींत तीच नटी, तेच काम : शहरातून एकटीनं चालायचं. पण पहिल्यात पावलं कुणाला तरी शोधत असतात, आणि दुसऱ्यात आता शोधण्यासारखं काही उरलेलं नसतं. हा फरक तिनं संवादांच्या आधाराशिवाय कसा दाखवला, हे दोन्ही चित्रपट लागोपाठ बघितल्यावरच कळेल.

पुढच्या आठवड्यात सिमोन सिन्योरे. इंग्रजी चित्रपटातल्या भूमिकेसाठी १९६० मध्ये ऑस्कर मिळवणारी, आणि आपलं वाढतं वय पडद्यावर लपवायला नकार देणारी.