मोठ्यांची शाळा (भाग ५) : दुकानामागची खोली

गेल्या आठवड्यात आपण डेन्मार्कमध्ये होतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, पीटर मॅनिश यांनी एल्सिनोरला काढलेली आंतरराष्ट्रीय लोकशाळा आपण पाहिली. निरनिराळ्या देशांतली मोठी माणसं तिथे एका छपराखाली राहत, शेतात राबत आणि शिकत. पण ती माणसं निदान लिहिती-वाचती होती. म्हणून एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि या विषयावर कुठेही बोललं की तो हमखास विचारलाही जातो. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, तिला जगाच्या नागरिकत्वाचं काय सांगायचं? आधी अक्षरओळख, मग गावचा कारभार, मग देश, आणि आयुष्य उरलं तर जग, अशी पायऱ्यांची रांग आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एका बेटावर, किराणा दुकानामागच्या खोलीत मिळतं. आजचा सगळा भाग त्या खोलीसाठी.

दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहराला लागून जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. १९५० च्या दशकात तिथली बरीचशी वस्ती गुलामांच्या वंशजांची होती. शेतात मजुरी करायची, नाहीतर शहरात जाऊन गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी. बोली गला, म्हणजे इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषा मिळून तयार झालेली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं. ज्यांच्या सुटकेने पुण्यातल्या त्या माणसाला इतका धीर आला, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची ही वस्ती. त्यांना मत देता येत नव्हतं.

कायद्यात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. राज्याच्या १८९५ च्या घटनेने अट घातली होती ती एवढीच, की मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला एखादा भाग वाचून आणि लिहून दाखवावा, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवावी. आता बेटावरच्या शाळा कशा होत्या तेही पाहा. सेप्टिमा क्लार्क १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, या बेटावर शिक्षिका म्हणून आल्या. दोन खोल्या, दोन शिक्षिका आणि १३२ मुलं. अशा शाळेतून, तीही शेतीचा हंगाम सांभाळून, जे अक्षर पदरात पडेल तेवढं. वाचता येत नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून धड शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणून वाचता येत नाही. असा फास गळ्यात असला की दोर ओढणारा वेगळा माणूस लागत नाही.

सेप्टिमाबाईंच्या त्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाठ्यपुस्तकं जवळजवळ नव्हतीच. मग त्या मुलांनाच आजूबाजूच्या गोष्टी सांगायला लावत आणि त्यांच्या तोंडून आलेलं लिहून तेच वाचायला देत. मुलं इंग्रजीतल्या ‘द’ (the) ऐवजी ‘ड’ म्हणत. त्या ‘हे चुकलं’ म्हणत नसत. पुस्तकात हा शब्द असा छापलेला असतो, एवढंच सांगत. बोलीतून प्रमाणभाषेकडे नेताना मुलाची मान खाली जाऊ द्यायची नाही, ही समज अठराव्या वर्षी त्या बाईंना होती. आपल्याकडे आजही किती वर्गांत ती दिसते?

बेटावर ईसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ होते. त्यांची बस होती आणि रोज सकाळी ते मजुरांना घेऊन चार्ल्सटनला जात. ॲलिस वाइन या प्रवासी बाईंनी एकदा त्यांना सांगितलं, की मला शाळा फारशी मिळाली नाही, पण मत द्यायचं आहे, मला शिकवा. जेन्किन्सनी राज्यघटनेतले उतारे मिळवले आणि बसमध्येच त्यांचे अर्थ समजावून द्यायला सुरुवात केली. वाइनबाईंनी तो मजकूर ऐकून ऐकून पाठ केला. ज्यांच्या घरात अक्षरशत्रू आजीला अख्खा हरिपाठ मुखोद्गत होता, त्यांना याचं नवल वाटणार नाही. पण पाठ म्हणणं आणि वाचणं यांतलं अंतर बाईंना स्वतःलाच बोचत होतं. त्यांना खरंच वाचायला शिकायचं होतं.

आता या गोष्टीत जग कसं आलं ते पाहू. टेनेसी राज्यात माँटीगलजवळ मायल्स हॉर्टन यांनी १९३२ मध्ये हायलँडर फोक स्कूल सुरू केलं होतं. त्याआधी ते डेन्मार्कला जाऊन तिथल्या लोकशाळा पाहून आले होते, म्हणजे गेल्या भागातला धागा इथे जुळतो. काळे-गोरे एका टेबलाशी जेवतात आणि एका छताखाली झोपतात, अशी अमेरिकेच्या दक्षिण भागातली ती विरळा जागा. १९५४ च्या उन्हाळ्यात तिथे संयुक्त राष्ट्रांविषयी एक कार्यशाळा भरली. सेप्टिमा क्लार्क जेन्किन्सना तिथे घेऊन गेल्या. जगाचे प्रश्न, संयुक्त राष्ट्रसंघ, शांतता अशी चर्चा चालू होती. आपापल्या गावचा प्रश्न मांडायची वेळ आली तेव्हा जेन्किन्सनी सांगितलं, की माझ्या बेटावरच्या लोकांना वाचता येत नाही, त्यामुळे मत देता येत नाही. आम्हाला मोठ्यांसाठी रात्रीची शाळा हवी आहे.

कार्यशाळा भरवणाऱ्यांना हे विषयांतर वाटू शकलं असतं. आपला विषय संयुक्त राष्ट्रांचा आहे, तो प्रश्न नंतर पाहू, असं म्हणून सूत्रसंचालक पुढच्या वक्त्याकडे वळताना मी अनेकदा पाहिलं आहे. हॉर्टननी तसं केलं नाही. ते बेटावर गेले, राहिले, लोकांशी बोलले. आधीचे रात्रीचे वर्ग का बंद पडले याचा शोध घेतला. कारण साधं होतं. मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर बसवलेलं होतं. गुडघे वर येत, पाय मावत नसत, आणि मुलं त्यावरून चिडवत. समोर पुस्तक यायचं तेही पहिलीतल्या पोरांचं.

इथे मला माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक सांगावंसं वाटतं. मी एका साक्षरता वर्गावर शिकवायला जात होतो. एक मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मला एसटीची पाटी वाचायला शिकवा. स्टँडवर ‘ही गाडी कुठं जाते’ विचारलं की लोक खेकसतात.” मी त्यांना ‘ग गणपतीचा’ शिकवायला घेतलं, कारण प्राइमरमध्ये तेच होतं. तिसऱ्या आठवड्यापासून मावशी आल्या नाहीत. त्यांच्या गावाच्या नावात ‘ग’ नव्हता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

जॉन्स आयलंडवर ही चूक टाळली गेली. हायलँडरकडून १,५०० डॉलर उसने घेऊन बेटावरच्या प्रोग्रेसिव्ह क्लबने शाळेची एक जुनी इमारत विकत घेतली. पुढे सहकारी किराणा दुकान, मागे वर्ग. दुकान खरंच चालायचं, पण गोऱ्यांच्या नजरेआड राहणं हाही त्यामागचा हेतू होता. मागच्या खोलीला खिडक्या ठेवल्या नव्हत्या. सेप्टिमा क्लार्क यांची चाळीस वर्षांची नोकरी १९५६ मध्ये गेली होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, एनएएसीपीचं, सभासदत्व सोडायला त्यांनी नकार दिला होता. पेन्शनही गेली. त्या हायलँडरमध्ये दाखल झाल्या आणि या वर्गाची आखणी त्यांनी हाती घेतली.

वर्ग कोणी घ्यायचा? शिकवण्याची पदवी असलेलं कोणी नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. निवड झाली ती सेप्टिमाबाईंच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांची. त्या चार्ल्सटनमध्ये ब्युटी पार्लर चालवत, कपडे शिवत. गिऱ्हाईक सगळं आपल्याच समाजाचं, त्यामुळे त्यांना कोणी नोकरीवरून काढून टाकू शकत नव्हतं. शिवाय केस विंचरता विंचरता बायकांचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती. मोठ्यांना शिकवण्यासाठी याहून चांगली पूर्वतयारी मला तरी सुचत नाही.

७ जानेवारी १९५७ च्या संध्याकाळी पहिला वर्ग भरला. शिकायला आले १४ जण. रॉबिन्सनबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मी शिक्षिका नाही, आपण सगळे मिळून शिकू, काही तुम्ही मला शिकवाल, काही मी तुम्हाला. मग विचारलं, तुम्हाला काय शिकायचं आहे? नाव लिहायचं आहे. बायबल वाचायचं आहे. मनीऑर्डर करायची आहे. सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधून वस्तू मागवायचा फॉर्म भरायचा आहे. बाईंनी नात्यातल्या शिक्षिकांकडून आणलेली मुलांची पुस्तकं बाजूला ठेवली. पाठ्यपुस्तक झालं ते मनीऑर्डरचा फॉर्म, कॅटलॉग आणि मतदार नोंदणीचा अर्ज. हिशेब आला तो वर्तमानपत्रातल्या किराणा मालाच्या जाहिरातींतून. त्या दिवशी शेतात काय केलं हे एकेकाने सांगायचं, बाईंनी ते लिहून घ्यायचं, आणि तोच वाचनाचा धडा. नाव गिरवायला पुठ्ठ्यावर अक्षरं काढून दिलेली होती. पेन्सिल त्यांवरून पुन्हा पुन्हा फिरवायची, हाताला वळण लागेपर्यंत.

आणि त्याच खोलीच्या भिंतीवर, अगदी सुरुवातीपासून, रॉबिन्सनबाईंनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत तुमच्यातल्या प्रत्येकाला हा पूर्ण वाचता यावा आणि समजावा, अशी माझी इच्छा आहे, असं त्यांनी सांगितलं होतं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या हकिकतीचा गाभा इथे आहे. शिकणाऱ्याच्या हातात त्याचं स्वतःचं नाव, आणि भिंतीवर जग. दोन्ही पहिल्या दिवसापासून. मतदानाच्या परीक्षेसाठी राज्यघटनेचा उतारा पुरेसा होता, जाहीरनाम्याची गरज नव्हती. पण त्या राज्यघटनेनेच तर या लोकांना बाहेर ठेवलं होतं. राज्याचा कायदा आपल्याला कमी लेखतो, तरी त्याच्या वर जगाने मान्य केलेला एक शब्द आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे, हे त्यांना कुणीतरी दाखवायला हवं होतं. त्या कागदाने ते दाखवलं.

त्या कागदावरच्या एका शब्दाचं आपल्याशीही नातं आहे. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मंजूर झालेल्या या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि तिथे ‘सर्व मानव’ असा बदल झाला. हंसाबेन त्या काळात मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापलेलं विद्यापीठ. आणि सेप्टिमा क्लार्क बेटावर शिकवायला आल्या ते सालही १९१६ च. दुकानामागच्या खोलीत बसलेल्यांत बायका होत्या. वाचता येऊ लागल्यावर त्या कलमात त्यांना स्वतःला शोधावं लागलं नाही.

त्या वर्गातलं एक दृश्य रॉबिन्सनबाईंनी पुढे अनेकदा सांगितलं. पासष्टीच्या एक बाई कधीही शाळेत न गेलेल्या. काही आठवड्यांनी रॉबिन्सनबाईंनी फळ्यावर सगळ्यांची नावं मिसळून लिहिली आणि तुमचं नाव यात दिसतं का, असं त्यांना विचारलं. बाई उठल्या, पट्टी घेतली, एका ठिकाणी टेकवली आणि हे माझं नाव म्हणून एकेक अक्षर वाचलं. मग पट्टी खाली दुसऱ्या ठिकाणी नेली आणि आडनाव वाचलं. सांगताना रॉबिन्सनबाई म्हणायच्या, की माझ्या अंगावर काटा आला.

दोन-तीन महिन्यांनी वर्ग संपला, कारण पेरणीचे दिवस आले. शिकलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिकांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं. शेजारच्या वॉडमलॉ आणि एडिस्टो बेटांवरून मागणी आली. पुढची हकिकत मोठी आहे, थोडक्यात सांगतो. टेनेसी सरकारने हायलँडरला टाळं ठोकलं आणि मालमत्ता जप्त केली. १९६१ मध्ये या वर्गांचा, म्हणजे नागरिकशाळांचा, उपक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेला. सेप्टिमा क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग या तिघांनी जॉर्जियातल्या केंद्रात दक्षिणेतल्या गावोगावच्या माणसांना शिक्षक म्हणून तयार केलं. त्यांत शेतमजूर होते, मोलकरणी होत्या. मताधिकाराच्या लढ्यातल्या मिसिसिपीच्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर तिथेच शिकल्या. १९६५ च्या मताधिकार कायद्याने वाचनाच्या त्या परीक्षेचा काटा निघाला. अँड्र्यू यंग १९७७ मध्ये अमेरिकेचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत झाले. १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांवरच्या चर्चेत एका बसवाल्याने रात्रशाळा मागितली होती, तो धागा असा परत तिथेच पोचला. सेप्टिमाबाईंना त्यांची पेन्शन १९७६ मध्ये मिळाली.

आज ‘जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण’ हा युनेस्कोचा अधिकृत कार्यक्रम आहे आणि शाश्वत विकासाच्या ४.७ या लक्ष्यात त्याचा उल्लेख आहे. त्यावरच्या पुस्तिका मी वाचतो. नकाशे, झेंडे, देशोदेशीचे पोशाख, हवामानबदलाची चित्रं. सगळं चांगलं, पण बऱ्याच वेळा त्यात शिकणाऱ्याची मनीऑर्डर सापडत नाही. आणि आपल्या साक्षरता वर्गांत सही येते, बेरीज येते, पण भिंत कोरी असते.

महाराष्ट्रात सध्या ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे वर्ग चालू आहेत आणि ते स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. वाचकांपैकी कोणी असा वर्ग घेत असेल, तर माझी दोन गोष्टींची विनंती आहे. पहिल्या दिवशी पुस्तिका उघडण्याआधी प्रत्येकाला विचारा, तुम्हाला काय वाचता यायला हवं आहे, आणि सुरुवात तिथून करा. दुसरं, वर्गाच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका असेलच, तिच्या शेजारी मानवी हक्कांचा जाहीरनामा लावा. तो मराठीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात फक्त ३० कलमं आहेत.

(पुढील आठवड्यात : भायखळ्याचा फुटपाथ)