फिटरची मुलगी, तानपुऱ्याची घोडी

मी तानपुऱ्याच्या जवाऱ्या काढते. पोट त्यावर चालतं. म्हणजे बरंचसं त्यावर आणि उरलेलं अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्यांवर. लग्नकार्यात कुणी आईला विचारलं, ‘धाकटी काय करते हो?’ तर आई म्हणते, ‘म्युझिकमध्ये असते.’ विचारणाऱ्याला वाटतं मी गाते. मग टीव्हीवर कधी दिसणार, असा पुढचा प्रश्न येतो आणि आई जेवणाच्या पंगतीकडे बोट दाखवते.

आईची अडचण खरी आहे, कारण हे काम सांगायला अवघडच. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी तबली असते, तिच्यावर एक छोटी घोडी असते. चारही तारा तिच्यावरून जातात. घोडीचा माथा बघताना सपाट वाटतो, पण त्याला अगदी हलका बाक असतो. तार छेडली की ती त्या बाकावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्यातून तानपुऱ्याचा तो भरलेला झणकार निघतो. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तो केसभर मागेपुढे केला तरी आवाज उघडतो किंवा मिटतो. वर्षानुवर्षं तारा घासून घोडीवर चर पडले की धागा कितीही सरकवा, आवाज बसलेलाच राहतो नाहीतर किरकिरतो. तेव्हा मला बोलावतात. तारा सैल करायच्या, बारीक कानशीनं बाक पुन्हा आणायचा, दोन हात मारले की तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. शिवाय काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्याची जवारी काळी पाचच्या पट्टीत गाणारीला चालत नाही. तारेचा ताण बदलला की बाकाचं गणितही बदलतं.

नीट लागलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. तारेच्या पाचव्या उपस्वरातून तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी गाणं शिकत होते कोल्हापुरात, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपुरतं. गळा बेताचा होता आणि ते शिकवणाऱ्या बाईंना आणि मला दोघींनाही माहीत होतं. पण बाईंच्या तानपुऱ्यांची जवारी काढायला मिरजेहून एक कारागीर येत, त्यांच्या कानशीखाली एका दुपारी तो गंधार आला, आणि मला गाण्यापेक्षा त्यांच्या हातातलं काम हवंसं वाटलं.

पुढं एम.एस्सी.ला असताना कळलं की या घोडीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली निबंध लिहिला होता. साध्या नियमानं तार बरोबर मध्यावर छेडली तर काही उपस्वर उमटूच नयेत. तानपुऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीचा बाक, हे त्यांनी दाखवलं. रामन स्वतः १९०७ पासून सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोगशाळेत जायचे. १९१७ साली ती मोठ्या पगाराची नोकरी सोडून कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. घरी बोलायची वेळ आली तेव्हा मी हे उदाहरण तयार ठेवलं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते रामन होते. तू कोण?’

बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आयुष्यभर त्यांनी कानस घासली. आमच्या घरात खोबरेल तेल आणि ग्रीस यांचा वास एकत्रच असायचा. मी बँकेची परीक्षा द्यावी, निदान मास्तरीण व्हावं, एवढीच त्यांची मागणी होती. मिरजेला जाऊन जवारीचं काम शिकते म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘कानसच घासायची होती, तर माझ्यापाशी शिकली असतीस की. एवढी पुस्तकं कशाला आणायला लावलीस?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. आईबाप विरोध करतात तेव्हा त्यांना कला कळत नाही, जग बदललेलं दिसत नाही, असं आपण धरून चालतो. बाबांना सगळं कळत होतं. जे काम आपल्या हातून पुढच्या पिढीच्या हातात जाऊ नये म्हणून त्यांनी ओव्हरटाइम केला, तेच काम मुलगी हौसेनं मागत होती. त्यात मी मुलगी, मिरजेतले उस्ताद मुसलमान, कारखान्यात सगळी पुरुषमंडळी. नातेवाइकांनी काय काय कुजबुजलं ते मी इथं लिहीत नाही. बाबांनी मात्र त्यातलं एक वाक्यही माझ्यापुढं वापरलं नाही, हे नोंदवायलाच हवं.

भाषणांतून हल्ली ‘ध्यास घ्या, घर सोडा’ असं सांगतात आणि पुरावा म्हणून भीमसेन जोशींचं नाव घेतात. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, ते गुरूच्या शोधात घरातून पळाले हे खरं. पण शाळामास्तर असलेल्या त्यांच्या वडिलांनी त्यांना जालंधरमध्ये शोधून घरी परत आणलं, आणि सवाई गंधर्वांकडे तालीम मिळाली ती १९३६ मध्ये, घराजवळच, कुंदगोळला. पळण्याची गोष्ट सगळे सांगतात, परत आणणाऱ्या वडिलांची कुणी सांगत नाही. मी पळाले नाही. कोल्हापूरहून सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला जायची आणि रात्री घरी जेवायला असायची. बाबा बोलत नसत, पण मी यायच्या आधी ताटावर बसतही नसत.

मिरजेत वेगळाच विरोध भेटला. चाचा, म्हणजे माझे उस्ताद, म्हणाले, ‘शिकलेली पोरगी तू, इकडं कशाला येतीस? आमची पोरं इथनं बाहेर पडायला बघतात.’ त्यांचा थोरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता, आणि त्यानं या कामात पडू नये असं चाचांनाच वाटत होतं. दोन बाप, दोन गावं, म्हणणं एकच.

या धंद्याची सुरुवातही आवडीतून झालेली नाही. मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, संस्थानिक पटवर्धनांच्या दरबारी गाणंबजावणं होतं, वाद्यं दुरुस्त करणारं कुणीतरी हवं होतं. पात्याला धार लावणारे हात तारेखालच्या घोडीकडे वळले. फरीदसाहेबांना कुणी त्यांची आवड विचारली नव्हती, पोटानं रस्ता दाखवला. आणि गाव असं की बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं राहत, फटाक्यानं डोळे गेलेले विष्णू दिगंबर पलुस्कर उपचाराला इथं आले आणि बुवांचे शिष्य होऊन गेले, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्याच दर्ग्यात. आजही भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून येतात. खाण्याचे नव्हेत, कडू. ते वाळवून, कापून, त्यांना तूण लाकडाची दांडी जोडली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. थोरला मात्र मोबाइलच्या दुकानातच आहे.

मी शिकायला लागले आणि पुढं पुण्यात राहून हे काम करायचं म्हटलं, तेव्हा बाबांनी एक दिवस शाळेची वही पुढ्यात टाकली. ‘महिन्याचा जमाखर्च लिहून दाखव. गंधार नको सांगू.’ मी लिहिला. पुण्यातल्या खोलीचं भाडं, मेस, तारा, प्रवास. जमेच्या बाजूला मैफिलींचा हंगाम, ऑक्टोबर ते मार्च. त्यांनी तिथं बोट ठेवलं, ‘बाकीचं सहा महिने काय करणार?’ गुरुपौर्णिमेआधी क्लासवाले वाद्यं दुरुस्त करून घेतात, असं मी म्हटलं. ‘तो एक महिना झाला.’ मग म्हणाले, ‘आणि मोबाइलमध्ये तानपुरा फुकट वाजतो, त्याचं काय?’

हा प्रश्न मला आजवर एकाही संगीतप्रेमी माणसानं इतका थेट विचारलेला नाही. खरं उत्तर असं की रियाज बहुतेक जण मोबाइलवरच करतात. मैफिलीला मात्र मागे दोन तानपुरे लागतात, आणि वातानुकूलित सभागृहात ते तासाभरात उतरतात. काम कमी झालंय, संपलेलं नाही, आणि करणारे त्याहून वेगानं कमी होतायत. हे मी वहीत लिहिलं. उरलेल्या महिन्यांपुढं ‘फिजिक्सच्या शिकवण्या, जूनपासून’ असं लिहिलं. बाबांनी वही मिटली. हो म्हणाले नाहीत. फक्त खोलीच्या भाड्याची पहिली अनामत त्यांनी भरली, आणि ती उसनी आहे असं बजावून.

घरच्यांच्या विरोधात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, असं मला तेव्हापासून वाटतं. एक हिशेबाची आणि एक लोक काय म्हणतील याची. दुसरीशी वाद घालून काही हाती लागत नाही, वर्षं जाऊ द्यावी लागतात. पण पहिलीला आपण बहुतेकदा भावनेनं उत्तर देतो आणि तिथं फसतो. मार्च २०२० मध्ये मैफिली बंद पडल्या तेव्हा माझ्या गंधाराला कुणी विचारत नव्हतं. ऑनलाइन शिकवण्यांवर मी तगले. बाबांच्या त्या सहा महिन्यांच्या प्रश्नानं मला वाचवलं, हे कबूल करायला माझी हरकत नाही.

टाळेबंदी उठल्यावर घरी गेले तेव्हा एक जुनी शिसवी घोडी दुरुस्तीला सोबत होती. मी अंगणात काम करत होते. बाबा मागं उभे राहून बघत होते आणि त्यांना राहवलं नाही. ‘ओढू नकोस. कानस ढकलताना कापते, परत येताना उचलायची असती. दात मरतात त्यानं.’ चाचांनीही हेच शिकवलं होतं, पण बाक जपायच्या नादात माझा हात परतताना टेकत होता. बाबांनी कानस घेतली, एका भंगार लाकडाच्या तुकड्यावर दोन हात मारून दाखवले. मग घोडी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, याचा बाक किती? मापानं सांगता येत नाही, कानानं ठरतं, म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली. माप नसलेलं काम त्यांना पटत नाही.

अजून त्यांना हे सगळं पटलंय असं नाही. नात्यातल्या कुणाला त्यांनी माझं काम आपणहून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. दिवाळीला गेले की वही मागतात. गेल्या दिवाळीला मात्र त्यांचा राग कामावर नव्हता, दरावर होता. शिकणाऱ्या मुलांकडून मी अर्धेच पैसे घेते हे त्यांना जमाखर्चातून कळलं. ‘अर्धा दिवस घालवून एवढं? आमच्या डेपोतला हेल्परसुद्धा एवढ्यात हात लावायचा नाही.’ मी म्हटलं, त्या मुलांना परवडत नाही. ते म्हणाले, मग त्यांच्या बापाला विचारायला सांग. यावर आमचं रात्री उशिरापर्यंत भांडण झालं आणि दर मी वाढवलेला नाही.