वसईला जाऊ या, आपल्या आपण!

कोन, भिवंडी भागातल्या बायकांना 'फिरायला कुठं गेला होतात?' असं विचारून पाहा. उत्तरं ठरलेली: माहेर, लग्नकार्य, शिर्डी, नाहीतर वज्रेश्वरी. समुद्रावर जायचं ते घरात सगळ्यांना सुट्टी असेल तेव्हाच, आणि तिथंही डबे उघडायचं नि पोरांचे ओले कपडे सांभाळायचं काम आपल्याकडेच. म्हणून म्हणते मैत्रिणींनो, एखादा दिवस फक्त आपण बायकांनीच निघायचं. तेही फार लांब नाही, वसईला!

टीव्हीवर कॅरिबियन समुद्राकाठचं कार्टाजेना शहर दाखवतात. स्पॅनिश लोकांनी १५३३ मध्ये वसवलेलं, भोवती दगडी तटबंदी, जुनी चर्चेस. तिथं जगभरचे लोक फिरायला जातात. पण तसंच, त्याच काळातलं, समुद्राकाठचं तटबंदीचं शहर आपल्या शेजारी आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी तिथं किल्ल्याच्या आत अख्खं शहर उभारलं.

आता जायचं कसं? कोनहून भिवंडी, तिथून अंजूरफाट्याजवळचं भिवंडी रोड स्टेशन. दिवा-वसई मार्गावरची गाडी पकडली की खारबाव, कामण, जूचंद्र करत आपण वसई रोडला. कल्याणवरून जायचं असेल तर लोकलनं कोपरला उतरायचं आणि वरच्या फलाटावरून हीच गाडी घ्यायची. मात्र या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यायची, मगच बाकीचा बेत. वसई रोडला पश्चिमेला उतरलं की किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवायला विसरू नका.

भुईदरवाजातून आत शिरलं की वडा-पिंपळानं वेढलेल्या भिंती दिसू लागतात. नुसतं 'पडकं आहे सगळं' म्हणून फोटो काढून परत फिरू नका. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये खाली बघत चाला. जमिनीत कोरीव अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. ज्यांचं हे गाव होतं, ती माणसं तिथंच झोपली आहेत. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला धर्मासाठी मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत.

पुढं चिमाजी अप्पांचा पुतळा लागतो. मराठ्यांनी तटाला सुरुंग लावले, हजारो माणसं कामी आली आणि मे १७३९ मध्ये किल्ला सर झाला. शरण आलेल्या पोर्तुगीजांना बायका-मुलांसह सुखरूप जाऊ दिलं गेलं. या मोहिमेत आपल्या भिवंडी तालुक्यातल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा वाटा होता, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आणि ज्या वज्रेश्वरीला आपण ओटी भरायला जातो, तिलाच चिमाजी अप्पांनी वसईसाठी नवस बोलला होता, असं सांगतात. तिच्या देवळाची किल्ल्यासारखी तटबंदी आठवतेय ना? म्हणजे वसई काही परकी नाही, आपल्याच गोष्टीचा तो दुसरा भाग आहे.

बंदर दरवाजाकडे गेलं की कोळी बांधवांचं किल्लाबंदर आणि खाडी. इथल्या धक्क्यावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदरला जाणारी रो-रो बोट सुरू झाली. उन्हं उतरली की सुरुची बागेकडच्या किनाऱ्यावर जा. येताना राजेळी केळ्यांची सुकेळी आणि कोळणींकडची सुकी मासळी घेतली की घरचेही खूश!

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, गवतात सापकिरडू असतं, तेव्हा दिवाळीनंतरचे महिने उत्तम. सपाट चपला, भरपूर पाणी आणि टोपी किंवा ओढणी हवीच. स्वच्छतागृहाची सोय स्टेशनजवळ किंवा वसई गावातच उरकून घ्या. किल्ल्याचे आतले भाग सुनसान आहेत, एकटीदुकटीनं आत जाऊ नका, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. समुद्रात पाय भिजवा, पण खोल पाण्यात शिरू नका.

'बरोबर कोणी पुरुष नको का?' असं घरी विचारतीलच. पाच-सहा जणी असलात, दिवसाउजेडी गेलात आणि गाडीच्या वेळा घरी लिहून ठेवल्यात, तर त्याची गरज नाही. एकीनं गाड्यांचं बघायचं, एकीनं हिशोबाचं, एकीनं डब्यांचं. आणि त्या दिवशीचा घरचा स्वयंपाक? तो घरच्यांनी करायचा! पुढच्या भिशीला नंबर काढायच्या आधी तारीख ठरवून टाका.